वीस वाडग्यांचा बेत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाईंनी मला बजावले की, "तुम्ही जपानला जाऊन आलात, तेव्हा वर्धापनदिनाला तुम्ही जपानवर बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास बाई. तीन महिने राहिले, त्यांतले पावणेतीन महिने लेकीच्या स्वयंपाकघरात गेले. मी जपानवर काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "मग स्वयंपाकघरावर बोला." तेव्हा मी आज जपान देशावर बोलणार नाही. तिथले डोंगर, तिथल्या वेगाच्या आगगाड्या यांची माहिती तुमच्या मुलांच्या पुस्तकांत माझ्यापेक्षा चांगली दिलेली आहे. मी बोलणार आहे एका जेवणावर. जेवण म्हणजे एकच वाडगा, पण त्याबद्दल मला पुष्कळ सांगायचे आहे. आणि दिवाळीच्या फराळाचा जो प्रश्न आपल्या सभेपुढे आहे त्याच्याशीही त्याचा संबंध आहे, तो शेवटी सांगेन.

माझी थोरली लेक पुण्यात इंजिनिअर झाली, तिथेच जपानी भाषा शिकली आणि नोकरीला टोकियोला गेली. जावईबापूही तिथेच नोकरीला आहेत. ती दोघे शहराच्या निशी-कासाई नावाच्या भागात राहतात. तिथे आपले लोक इतके आहेत की वाण्याकडे तूरडाळ आणि हिंग मिळते, आणि २०१९ साली त्या विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक म्हणून आपले मराठी गृहस्थ निवडूनसुद्धा आले. २०२४ च्या फेब्रुवारीत मी लेकीच्या बाळंतपणाला गेले. निघताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "जा, पण माळेला जप." आमचे घर माळकरी आहे हे आपल्याला ठाऊकच आहे.

नात झाली. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतिणीचा शेक, सगळे यथासांग झाले. सव्वा महिना उलटला आणि एप्रिल लागला. एके रात्री लेक म्हणाली, "आई, तू आल्यापासून एकदाही दुसऱ्याच्या हातचे जेवली नाहीस. तू परत जायच्या आधी मला तुला एक जेवण घालायचे आहे." मी म्हटले, "अगं, त्या मद्राशी खानावळीत जाऊ, इडली खाऊ." ती म्हणाली, "इडली तुला घरी आहे. मी तुला रामेन खायला घालणार."

आता रामेन म्हणजे काय ते सांगायला हवे. रामेन म्हणजे गव्हाच्या लांब शेवया, ऊन ऊन रश्श्यात घातलेल्या, वर भाज्या किंवा मांस. मूळचा हा पदार्थ चिनी लोकांचा. जपानात १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन नावाचे दुकान निघाले, त्याच्या मालकाने योकोहामाहून चिनी आचारी आणले होते, आणि तिथून ह्या शेवयांची शहरात चटक लागली. पुढे १९४५ साली लढाई संपली तेव्हा जपानात अन्नाचे फार हाल होते. तांदूळ मिळेना, अमेरिकेचा गहू येऊ लागला, आणि गल्लोगल्ली गाड्यांवर ह्या शेवया विकू लागल्या. लोकांच्या त्या रांगा मोमोफुकु आन्दो नावाच्या गृहस्थांच्या मनातून गेल्या नाहीत. त्यांनी १९५८ साली घरामागच्या एका छपरीत खटपट करून, नुसते गरम पाणी ओतून होणाऱ्या शेवया काढल्या. शेवया टिकाऊ कशा वाळवाव्यात हे त्यांना सुचेना, तेव्हा बायको तेलात तळण तळत होती ते पाहून सुचले, असे सांगतात. शेवया तळल्या की पाणी उडून जाते आणि बारीक बारीक भोके राहतात, त्यांतून पुढे गरम पाणी आत शिरते. आपल्याकडे १९८३ पासून मुले जे दोन मिनिटांचे खाणे मागतात ते ह्याच कुळातले. त्या बाईंचे नाव मसाको. नवऱ्याचे नाव पाकिटामुळे जगभर झाले, तरी २०१८ साली जपानच्या टीव्हीवर जी मालिका झाली ती बाईंच्या बाजूने रचलेली होती, हे मला फार बरे वाटले.

पण पाकिटातले रामेन आणि दुकानातले रामेन यांत, विकतचा गुलाबजामचा डबा आणि घरच्या खव्याचा गुलाबजाम यांच्यात असते तितके अंतर आहे.

माझी अडचण निराळी होती. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो, तासन्‌तास उकळलेला. नुसत्या भाजीच्या म्हणून दिसणाऱ्या पदार्थातसुद्धा तिथे वाळलेल्या मासळीचे पाणी असते. मी लेकीला स्पष्ट सांगितले की, ज्या चुलीवर हाडे उकळतात तिथे मी पाणीसुद्धा पिणार नाही. ती म्हणाली, "आई, हे मी आधीच पाहिले आहे. ह्या दुकानात मांस, मासळी, अंडे, दूध काहीच आत येत नाही." जपानात बुद्धाच्या मठांतून पूर्वापार असा स्वयंपाक आहे, त्याला शोजिन म्हणतात. त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या वर ताण. दोगेन नावाच्या साधूने तर १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक पुस्तकच लिहिले आहे, तांदूळ कसे निवडावेत इथपासून. तेव्हा मांसाशिवाय रस्सा होतच नाही असे म्हणण्याची तिथे सोय नाही. आमच्या दुकानाचा मालक काही साधू नव्हता, पण हात त्याचा त्या परंपरेतला होता.

शिवाय हा बेत रोजचा नव्हता. जपानी लोकांना 'गेन्तेइ' ह्या शब्दाचे भारी वेड. गेन्तेइ म्हणजे ठरलेल्या मर्यादेतले. अमुक ऋतूपुरते, अमुक गावापुरते किंवा दिवसाला अमुक इतकेच. दुकानांच्या दारावर, पाकिटांवर, आगगाडीच्या फलाटावर, जिथे तिथे हा शब्द. पुष्कळ ठिकाणी ती गिऱ्हाईक ओढायची युक्ती असते, हे मी लपवीत नाही. आपल्याकडच्या साड्यांच्या सेलसारखेच. पण ह्या दुकानाची मर्यादा खरी होती, आणि ती का ते मी पुढे सांगते. तिथे एप्रिलमध्ये तीन-चार आठवडे बांबूच्या कोवळ्या कोंबांचे रामेन करतात. दिवसाला वीस वाडगे. एकविसावा नाही.

एका मंगळवारी नात निजली आणि जावईबापू दुधाची बाटली तयार ठेवून पाळण्याजवळ बसले. (हे मी घरी सांगितले तेव्हा सासूबाई दोन मिनिटे काही बोलल्या नाहीत.) आम्ही मायलेकी आगगाडीने निघालो. दुकान अकराला उघडते. आम्ही सव्वादहाला पोचलो, तो आमच्या पुढे अकरा माणसे उभी. गल्ली इतकी शांत की आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच ऐकू यावा. रांगेत कोणी कोणाला ढकलीत नाही, जागा धरून ठेवीत नाही. थोड्या वेळाने दुकानाची मालकीणबाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल, डोक्याला रुमाल बांधलेला. तिने माणसे मोजली आणि एकेकाच्या हातात कागदाचा आकडा दिला. आमचे आकडे बारा आणि तेरा.

मग एक म्हातारे जोडपे आले. सत्तरीच्या पुढचे असावे. तोवर एकच आकडा उरला होता, विसावा. मालकीणबाई कमरेत वाकून काही तरी म्हणाली. माझा जीव खालीवर होऊ लागला, कारण आपल्याकडे अशा वेळी काय झाले असते ते मला माहीत आहे. आपण म्हटले असते, "या हो, दोघांत एक वाढू," किंवा आत वर्दी गेली असती की, "रश्श्यात दोन भांडी पाणी वाढव." तसे काही झाले नाही. म्हाताऱ्याने तो आकडा बायकोच्या हातात दिला आणि स्वतः रोजचे साधे रामेन घेतले. त्यांच्या मागून आलेल्या दोघा तरुणांनी पाटी वाचली, मान लववली आणि निघून गेले. तक्रार नाही, ओळखपाळख काढणे नाही. म्हाताऱ्याची गोष्ट मी घरी कौतुकाने सांगितली, तर हे म्हणाले, "त्याला बांबू आवडत नसेल."

आत गेल्यावर आधी पैसे. दाराशीच एक यंत्र असते, त्यात पैसे घालून बटण दाबायचे की चिठ्ठी पडते. ती चिठ्ठी आणि आपला आकडा समोरच्या फळीवर ठेवायचा. आमच्या वाडग्याला १,५०० येन पडले, म्हणजे त्या वेळचे आपले सव्वाआठशे रुपये. रामेनला हजार येनच्या वर पैसे म्हणजे तिथल्या लोकांनाही जास्तच वाटतात. मला तर त्या पैशात महिन्याचे तेल दिसू लागले. लेकीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हिशेब करू नकोस." मी मनातल्या मनात केलाच.

जागा आठच. लांब फळीसमोर उंच बाकड्यांवर बसायचे, आणि समोरच आचारी. स्वयंपाक पूर्ण उघड्यावर. भिंत नाही, पडदा नाही. मी आयुष्यभर ओट्याच्या आतल्या बाजूला उभी राहिले आहे. ओट्याच्या बाहेर बसून दुसऱ्याचे हात पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा मी अगदी डोळे भरून पाहून घेतले. आपणही बायकाच आहोत, म्हणून जरा बारकाईने सांगते.

रश्श्याची तयारी आदल्या रात्रीची. कोम्बू नावाची समुद्रातली एक वनस्पती असते, वाळून काळपट हिरवी पट्टी झालेली, वर पांढरी भुकटी. ती भुकटी धुवायची नाही, नुसते ओल्या फडक्याने अलगद पुसायचे, कारण चव तिथेही असते. पट्टी गार पाण्यात रात्रभर ठेवायची. दुसऱ्या भांड्यात वाळलेल्या शिताके अळंब्या, त्याही गार पाण्यात. सकाळी कोम्बूचे पाणी मंद तापवायचे, आणि उकळी फुटायच्या आत पट्टी काढून घ्यायची. उकळली तर रस्सा बुळबुळीत आणि कडसर होतो. मग दोन्ही पाणी एकत्र. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ह्याच कोम्बूतून एक क्षार काढून दाखवला आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. गोड, आंबट, खारट, कडू ह्यांत ती बसत नाही. पिकलेल्या टोमॅटोच्या सारात आपल्याला लागते ना, तिखट-मीठ सोडून उरणारी ती भरीव चव, तीच ही. कोम्बू आणि अळंबी एकत्र आली की ती कितीतरी पटीने वाढते. पाणीही हलके लागते. ज्या जड पाण्यात आपली डाळ शिजत नाही त्यात कोम्बूही चव नीट सोडत नाही.

शेवयांची मौज तर मला सर्वांत जास्त वाटली. त्या पिवळसर असतात, आणि अंडे नसूनही पिवळसर. मी लेकीला विचारले तेव्हा तिने सांगितले की पिठात एक खार घालतात, त्याला कान्सुई म्हणतात. कसला खार म्हणून तिने मोबाईलवर पाहिले, तर सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट. मी म्हटले, "अगं, हा तर आपल्या पापडखाराचाच भाऊ!" उडदाच्या पिठात खार पडला की पीठ हाताला कसे वेगळे लागू लागते ते आपल्याला माहीतच आहे. गव्हाच्या पिठाला त्याने ताठपणा येतो, रंग येतो, आणि ऊन रश्श्यात पडूनही शेवई काही वेळ दम धरते. आपण हजारो मैलांवर पाटावर शेवया वळतो त्या बिनखाराच्या, म्हणून खिरीत मऊ होतात, आणि खिरीला तशाच हव्यात. ज्याचे त्याचे ठिकाण.

आणि आता ते कोंब. बांबूचा कोंब जमिनीतून निघाला की तासातासाला राठ आणि उग्र होत जातो. म्हणून तो पहाटे खणायचा आणि त्याच दिवशी उकळायचा. उकळताना पाण्यात तांदळाचा कोंडा आणि एखादी लाल मिरची घालतात. कोंड्याने त्याचा उग्रपणा निघतो, जशी आपण अळवाची खाज चिंचेने काढतो. तासभर उकळून तो त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा, घाई केली तर उग्रपणा आतच राहतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बनातून पहाटे खणलेले कोंब येतात, दुपारी दुकान बंद झाले की उकळतात, रात्रभर पाण्यात राहतात, आणि दुसऱ्या दिवशी वीस जणांना पुरतात. पातेले तेवढेच, शेगडी तेवढीच, माणसे दोनच. ही सगळी हकीकत लेकीने मालकीणबाईंना विचारून मला सांगितली. मी मुद्दाम विचारायला लावले की, "पातेले मोठे घेऊन तीस का करीत नाही?" त्यावर ती बाई हसली. म्हणाली, तिसांचे एकदा करून पाहिले होते. लोकांनी खाल्ले, छान म्हणाले. पण नवरा रात्री स्वतःचा वाडगा खायला बसला आणि अर्धा ठेवून उठला, तेव्हापासून वीस.

वाडगा भरण्याची रीतही आपल्या उलट. आपण फोडणी कधी आधी, कधी वरून देतो. तिथे आधी वाडगा गरम पाण्याने तापवतात, मग तळाला सोया सॉसचा मसाला आणि थोडे सुवासिक तेल, त्यावर कढत रस्सा, त्यात शेवया. शेवया उकळत्या पाण्यातून जाळीच्या डब्यासकट उचलून आचारी असा झटका देतो की पाण्याचा थेंब राहू नये. राहिला तर रस्सा पातळ होईल. बारा वाडग्यांना बारा वेळा मी तो झटका पाहिला, आणि बाराव्याला तो पहिल्यासारखाच होता.

माझा वाडगा समोर आला. स्वच्छ, तपकिरी, आरपार दिसणारा रस्सा. वर कोंबाचे पातळ काप, कडेने जरासे भाजलेले. शेजारी मोहरीच्या जातीची कोवळी कळ्यांची भाजी, हिरवीगार आणि किंचित कडू. तळलेल्या सोयाच्या पनीरची एक घडी. आणि शेवटी आचाऱ्याने एक इवलेसे पान तळहातावर ठेवून टाळी वाजवावी तसे चापटले आणि कोंबावर ठेवले. वास आला आणि मी चमकले. तिरफळ! कोकणातल्या माझ्या मावशीच्या घरचे तिरफळ! लेकीने सांगितले की ते सान्शो नावाच्या झाडाचे पान, आणि ते झाड आपल्या तिरफळाच्याच कुळातले आहे. चापटल्याने वास मोकळा होतो. परक्या देशात, परक्या माणसासमोर, मावशीचे अंगण नाकात शिरले. मला दोन क्षण चमचा उचलवेना. त्या चमच्यालासुद्धा ते कमळाची पाकळी अशा अर्थाचे नाव देतात.

मी कोंब खाल्ला. तो करकरीतही नाही आणि मऊही नाही. कोवळ्या मक्याची गोडी आणि मागून मातीचा वास. पावसाच्या पहिल्या सरीला येतो तसा. रस्सा तोंडात घेतला तेव्हा वाटले की ह्यात तिखट कमी आहे. दुसऱ्या घोटाला वाटले की बरेच आहे की. तिसऱ्या घोटानंतर मी तुलना करायचे सोडून दिले.

मी अर्ध्यावर आले आणि हात थांबला. मी लेकीला म्हटले, "उरलेले डब्यात घालून घेऊ. जावईबापूंना होईल." बोलताना माझ्या मनात काही नव्हते, जीभ आपोआप बोलली. लेक म्हणाली, "आई, हे नेता येत नाही. पाच मिनिटांत शेवया फुगतात, मग ह्यात काही राहत नाही. आणि हे त्यांचे नाही, तुझे आहे." शेजारी सगळे फुर्र फुर्र आवाज करीत ओढीत होते. तिथे तो वाईट मानीत नाहीत. ओढल्याने शेवई निवते, आणि वासही नाकात चढतो. आचारी एकदा माझ्या वाडग्याकडे पाहून गेला. तो काही बोलला नाही, पण ती नजर मी ओळखली. पोळी तव्यावरून काढून वाढली आणि खाणारा पेपर वाचीत बसला की मी तशीच बघते.

तेव्हा मी खाल्ले. भगिनींनो, लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. कढत, ताजे, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, मध्ये न उठता, कोणासाठी न राखता मी किती वेळा जेवले असेन हे मी आठवून पाहिले. डोहाळेजेवण आठवले. तुम्हीही घरी गेल्यावर आठवून पाहा. मी रडलेबिडले नाही. पण वाडग्याचा तळ दिसेपर्यंत खाल्ले, आणि तळाला उरलेला रस्सा दोन्ही हातांनी वाडगा उचलून प्याले. समोरच्या फळीवर वाडगा ठेवला, फडक्याने आपली जागा पुसली. तशी तिथली पद्धत आहे. आणि लेकीने पढवलेले 'गोचिसोसामा' हे शब्द म्हटले. तुम्ही खपून वाढलेत, आम्ही तृप्त झालो, असा त्याचा अर्थ. आचारी आणि त्याची बायको दोघेही वाकली. बक्षिशी तिथे देत नाहीत. दिली तर परत करायला मागून धावत येतात.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा मालकीणबाई दारावर पाटी अडकवीत होती. लेकीने वाचून दाखवली : आजचे कोंबाचे संपले.

ती पाटी माझ्या डोक्यातून अजून गेली नाही. घरच्या स्वयंपाकघराला अशी पाटी नसते, आणि ती असावी असे माझे म्हणणेही नाही. दारात पाहुणा आला तर आमटीत पाणी वाढवावेच. त्यात आमटीपेक्षा माणूस मोठा असतो. तिथे वीस वाडगे मोजणारी बाई मला शेजारीण म्हणून नको. पण जे आपण पैसे घेऊन विकतो, त्याला घरचा नियम लावावा का, हे मी तेव्हापासून मनात घोळवीत आहे.

आता आपल्या फराळाचे. चकली, शेव, चिवडा ह्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, ते यंत्राने वाढवता येतात. मी बोलते आहे अनारशांबद्दल. आपल्या मंडळाचे नाव झाले ते अनारशांवर. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवायचे, कुटायचे, गुळात मळून मुरवायचे. त्यात एक दिवस चोरता येत नाही, चोरला तर अनारसा तुपात हसतो. यंदा आतापर्यंत ९० किलोची मागणी नोंदली गेली आहे, आणि अनारशाचा हात असलेल्या आपण सहा जणी आहोत. गेल्या वर्षी ६० किलो केले, तेव्हाच्या शेवटच्या दोन रात्री आपण सहा जणींनी कशा काढल्या ते आपल्याला माहीत आहे. दिवाळीच्या पहाटे घरच्यांना अभ्यंग घालताना माझा उजवा हात वर होत नव्हता. आणि आपल्यापैकी कितीजणींच्या घरी त्या दिवाळीत विकतचे अनारसे आले, तेही मी मोजले आहे. चार.

माझी सूचना अशी आहे की, अनारसे यंदा ४५ किलोच करावेत. आधी नाव नोंदवील त्याला आधी, आणि ४५ भरले की फळ्यावर 'संपले' असे लिहावे.

खजिनदारबाईंचे म्हणणे मला माहीत आहे आणि ते खोटे नाही. दारी आलेली लक्ष्मी परतवू नये असे त्या म्हणतात. शिवाय आपल्यातल्या दोघींच्या मुलांची सहामाहीची फी ह्या अनारशांवर भरली जाते. ४५ किलोत त्यांचा वाटा कमी झाला तर ती भर मी भाषणाने घालू शकत नाही. म्हणून मी म्हणते की किलोमागे दर वाढवावा. त्या वाडग्याला साध्या वाडग्यापेक्षा दीडपट पैसे होते, आणि लोक तरीही सव्वादहाला येऊन उभे होते. आपले गिऱ्हाईक तसे उभे राहील की नाही हे मी सांगू शकत नाही. आपले गाव टोकियो नाही. कदाचित पाच-दहाजण शेजारच्या पेठेत जातील. वाढीव दर सगळा अनारसे करणाऱ्या हातांना मिळावा, मंडळाच्या फंडात त्यातले काही जाऊ नये, असेही माझे म्हणणे आहे. यावर येत्या शनिवारच्या सभेत मते घ्यावीत, अशी मी अध्यक्षबाईंना विनंती करते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तिथे अवश्य बोलावे. मी काही आचाऱ्याची बायको नाही, एकदा ठरले ते ठरले म्हणून दारावर पाटी लावायला.

जाता जाता एक सांगते. चिटणीसबाई मघापासून विचारीत आहेत की तो रस्सा इथे करता येईल का. बांबूचे कोंब नाहीत, पण मी येताना कोम्बूच्या चार पट्ट्या आणि मूठभर शिताके अळंबी आणली होती. दोन पट्ट्या अजून डब्यात आहेत. गुरुवारी संध्याकाळी मी तो रस्सा करणार आहे, आपल्या गव्हाच्या शेवया घालून. त्या मऊ पडतील, पडू देत. ज्यांना चव पाहायची आहे त्यांनी यावे. आठ जणींपुरता होईल. जास्त आल्यात तरी काळजी नको. घरचेच आहे, पाणी वाढवू.